पाठमोरी अक्का

कलबुर्गीच्या आमच्या कचेरीची साफसफाई बाहेरच्या कंपनीकडं असते. कंपनी बदलली की झाडलोट करणाऱ्या अक्काचा गणवेश बदलतो, अक्का तीच राहते. रखवालदाराशी कानडी, वायरमनशी दखनी, माझ्याशी मराठी, आणि आवाज असा की दोन मजले दणाणावेत. मला त्या आवाजाचा रागच यायचा.

एका दुपारी मी लिफ्टमध्ये एकटाच अडकलो. आत मिट्ट अंधार. लिफ्टचं कंत्राट दुसऱ्याच कंपनीचं, त्यामुळं बाहेर जो तो फोन लावत होता. माझा जीव घाबरा झाला, मी लहान पोरासारखा रडायला लागलो. तेवढ्यात दाराला टेकून कुणीतरी खाली बसलं.

नेहमी साहेब म्हणणारी अक्का म्हणाली, "अण्णा, मी हाय हितं. आमच्या गावाकडं, चिंताकीला, तूर फुलायलीय बघा."

मग ती बोलतच राहिली. तूर, म्हैस, जावेची भांडणं. मी त्या आवाजाला धरून उभा राहिलो.

मेकॅनिकनं गच्चीवरून लिफ्ट सोडवली. दार उघडलं, तर व्हरांड्यात अक्काशिवाय कुणीच नाही. सगळ्यांना तिनं चहाला पिटाळलं होतं, आणि स्वतः माझ्याकडं पाठ करून पुसलेलीच फरशी पुन्हा पुसत होती.

मी रुमाल काढून चेहरा कोरडा केला.

"झालं का, अण्णा?" तिनं विचारलं. "वळू का आता?"