सिरियस धाडू नका

"थांबा मास्तर. पहिले शब्द ठरू द्या," असं म्हणून आबा मोबाईल सदऱ्याला पुसायचे आणि मगच गावी फोन लावायचे.

खान्देशातून पोटासाठी आलेल्यांच्या आमच्या डिंडोलीत कुणाला दवाखान्यात नेलं, की गावाकडच्या घरी कळवायचं काम आबांचं. उभं आयुष्य कापड विणणाऱ्या लूमच्या खडखडाटात गेलेलं, त्यामुळे आवाज खणखणीत. शब्द मात्र जपून. 'चेकअप' म्हटलं की गावाहून कुणी हलत नसे. 'ॲडमिट' म्हटलं की एखादा भाऊ निघायचा. 'सिरियस' म्हटलं की अख्खी भावकी जीप करून रडतच यायची. कारण तुम्हालाही ठाऊक आहे, आपल्याकडे माणूस गेल्यावरही फोनवर 'सिरियस'च सांगतात.

मी मराठी शाळेतला मास्तर. वर्गात 'सिरियस'ला मी विशेषण म्हटलं असतं. आबांकडे ती धाडायची वस्तू होती. "लगेच सिरियस धाडू नका," कधी फोन माझ्या हाती दिला, की ते मला बजावायचे. "ॲडमिट करेल शे, पण चहा मांगस, इतलं सांगा." 'ॲडमिट'च्या शेजारी पेशंटने मागितलेला तो चहा ठेवला, की पलीकडच्या बाईचा हुंदका थांबायचा. मी स्वतः ऐकलंय.

गेल्या हिवाळ्यात आबांनाच श्वास घेता येईना. डॉक्टर म्हणाले, "जवळच्यांना बोलावून घ्या." जवळची अशी एकच, धुळ्याकडची धाकटी बहीण. आबांनी तोंडावरचा मास्क बाजूला केला. "तिले चेकअप सांगा. कापूसनं काम चालू शे."

मी बाहेर आलो आणि तिला सरळ 'सिरियस' सांगून टाकलं. भावाबहिणीची भेट चुकू नये, एवढंच डोक्यात होतं.

संध्याकाळी ती वॉर्डच्या दारातच हंबरडा फोडत आली, तर आबा खाटेवर बसून खिचडी खात होते.

"कोनी धाडं सिरियस?" आबा माझ्यावर खेकसले.

बहिणीने त्यांच्या हातातला चमचा काढून घेतला आणि रडत रडत त्यांना भरवू लागली. आबांनी मुकाट्याने तोंड उघडलं. मला इतकं बरं वाटलं, की त्यांचं ओरडणंही गोड लागलं.

ती गावी परतली आणि थोड्याच दिवसांत आबा गेले. आता फोन मलाच करायचा होता. मी मोबाईल सदऱ्याला पुसला. 'सिरियस' तर आधीच धाडून बसलो होतो. तिने "बोला मास्तर" म्हटलं आणि मला एकही शब्द सुचेना.

मग ती हळूच म्हणाली, "राहू द्या, मास्तर. निघस मी."