मैं आती है

आमच्या घरात पणजीचे गुण सगळ्यांमध्ये उतरलेत, असं आमच्याच घरातले सगळे सांगतात. काका म्हणतो, माझ्यात तिचा स्पष्टवक्तेपणा आलाय. म्हणजे तो वॉचमनवर खेकसतो. आत्या म्हणते, तिची काटकसर माझ्याकडे आली, आणि पाहुण्यांना अर्धा कप चहा देते. पणजी ऐकायला नाही म्हणून बरं, नाहीतर एकेकाची बिनपाण्याने केली असती.

तिचा खरा गुण कोणीच मागितला नाही. तो फार महागात पडतो.

पणजी रत्नागिरीकडची. लग्न होऊन भाईंदरला आली, आणि म्हातारपणी काकाच्या मीरा रोडच्या फ्लॅटमध्ये, सिल्व्हर पार्कला राहायला गेली. निघताना 'जाते' म्हणायचं नाही, 'येते' म्हणायचं, हे आपल्यात सगळेच पाळतात. पणजीच्या तर तोंडून 'जाते' निघायचंच नाही, अशुभ म्हणून. पण समोरच्या दारात राहणारी चाची पडली जौनपूरची. तिच्याकडून पहिल्यांदा निघताना पणजी आपल्या हिंदीत म्हणाली, "अच्छा, मैं आती है."

चाचीने बिचारीने दार उघडं ठेवलं, चहा टाकला आणि वाट बघत बसली. दुसऱ्या दिवशी तिने विचारलं, अम्मा, आप तो आनेवाली थीं? पणजीला असा धक्का बसला की ती जेवलीच नाही. आपण खोटं बोललो! घरातल्यांनी परोपरीने समजावलं की अगं, ती बोलायची पद्धत आहे, कोणी खरं धरत नाही. पणजी म्हणाली, "तिने धरलं ना? मग झालं तर."

त्या दिवसापासून ती संध्याकाळी परत जायला लागली. चहा प्यायची, उठायची आणि सवयीने पुन्हा तेच बोलायची. झालं, उद्याची फेरी पक्की. भाजीवाल्याशीही असंच बोलून बसायची आणि गुडघे धरत परत लिफ्टने खाली जायची, बाबा, आले रे, म्हणून सांगायला. तो डोक्याला हात लावायचा. आमच्याकडे आली की 'येते' म्हणून निघायची आणि महिना महिना फिरकायची नाही, कारण आम्हाला मराठी कळतं! यावरून आत्या कायम फुगलेली. सख्ख्यांपेक्षा परकी जवळची, म्हणायची. आत्या स्वतः कधी तिच्याकडे गेली असेल तर शपथ.

मधल्या काळात चाचीचा नवरा वारला, मुलगे आखातात गेले. मग पाचच्या सुमाराला समोरून येणारी एक म्हातारी, एवढंच तिचं माणूस उरलं. नव्वदी ओलांडलेल्या पणजीला शेवटचं हॉस्पिटलला नेलं, तेव्हा खुर्चीत बसवून लिफ्टमध्ये ढकलत होते. चाची दारात रडत उभी. पणजीने मान वळवली आणि तिला सांगितलं, "मैं आती है." ती आलीच नाही.

तेराव्याला काकाने हॉल घेतला. फोटो एवढा मोठा की पणजी जिवंतपणी कधी तेवढी दिसली नव्हती. काका माईकवर म्हणाला, दिलेला शब्द पाळायचा, हा आजीचा संस्कार आहे आणि तो आम्ही पुढे नेतोय. टाळ्या वाजवायच्या की नाही, हे लोकांना कळेना. चाची मागच्या रांगेत बसली होती. निघताना आमचं अख्खं खानदान तिच्यासमोरून गेलं, आणि प्रत्येकाने तोंड भरून सांगितलं, आते हैं चाची. मग कोणी विरारला गेलं, कोणी डोंबिवलीला. काकाने तर नवीन घर घेतलं होतं, त्याने फ्लॅटला कुलूपच लावलं.

पुढे कधीतरी आत्याला पणजीचा पितळी खलबत्ता हवासा झाला, आठवण म्हणून. मी इंद्रलोकला राहते, रिक्षाने जवळ पडतं, म्हणून हमाली माझ्याकडे आली. काकाकडची किल्ली घेऊन गेले, खलबत्ता काढून बाहेर येते तर चाचीचं दार उघडं, दाराशी पणजी बसायची ती प्लास्टिकची खुर्ची तशीच. आत बोलावून तिने चहा दिला, पूर्ण कप. मग सहज म्हणाली, तेराव्याच्या संध्याकाळी मी मोठं पातेलं चढवलं होतं. सगळे म्हणाले होते ना, आते हैं. तुमच्या घरचं माणूस असं बोललं की येतंच, हे मला अम्मामुळे माहीत होतं. त्या दिवशी तेवढा चहा ओतून द्यावा लागला.

तिच्या बोलण्यात रुसवाबिसवा काही नव्हता, आणि तेच मला झोंबलं. मी खलबत्ता उचलला, उठले, आणि जिभेने घात केला. "अच्छा चाची, मैं आती हूँ." व्याकरण अगदी बिनचूक.

चाचीने कप उचलला. "बेटा, तुम 'जाती हूँ' बोलो," ती म्हणाली. "आनेवाली तो वो थीं."

बरोबर होतं तिचं. दोन शब्द बोलून मोकळं व्हायचं होतं. मी दारात उभी राहून तोंड उघडलं, पुन्हा उघडलं, पण मेलं ते 'जाती हूँ' काही केल्या बाहेर पडेना. हातात तो जड खलबत्ता, समोर चाची वाट बघतेय. शेवटी तशीच आले, आणि दुसऱ्या दिवशी पाच वाजता रिक्षा केली.

तेव्हापासून अडकलेय. दर आठवड्याला ऑफिसातून परस्पर सिल्व्हर पार्क गाठते, चहा पिते, निघताना परत तेच बोलून बसते. चाची आता मला दुरुस्त करत नाही. काका परवा फोनवर म्हणाला, आजीचे गुण शेवटी तुझ्यात उतरले हो. म्हटलं, गुण तुम्ही आधीच वाटून घेतलेत, माझ्या वाट्याला तिची नुसती जीभ आलीय.