अर्ध्यावर राहिलेल्या दीक्षितबाई

दीक्षितबाईंच्या घरात चुकलेला कागद फाडायला बंदी होती. जपानी पद्धतीचा बायोडेटा, म्हणजे 'रिरेकिशो', हाताने, काळ्या शाईने आणि एकाही खाडाखोडीशिवाय लिहायचा असतो. एक रेघ चुकली की कागद बाद. असा कागद कुणीही चुरगाळून टाकेल. बाई मात्र तो पुरा करायला लावत आणि मगच नवा हातात देत. "नाव लिहिलंस, जन्मतारीख लिहिलीस, फोटो डकवलास. आता हा जाईल कुठे बिचारा?" असं म्हणत. "अर्धवट माणूस मागे ठेवायचा नाही."

नव्वदच्या दशकातली गोष्ट आहे. गुडगावात जपानी कंपन्या येऊ लागल्या होत्या आणि मोडकंतोडकं जपानी येणाऱ्या पोरालाही भाव होता. बाबा त्याच वर्षी केंद्र सरकारच्या नोकरीतून निवृत्त होणार होते, म्हणजे क्वार्टर सोडावं लागणार. मला नोकरी लागली तर दिल्ली, नाहीतर गाशा गुंडाळून सातारा, असा सरळ हिशेब होता. म्हणून आईने मला मयूर विहारला बाईंकडे धाडलं. बाई विधवा, एकट्या राहणाऱ्या आणि डावखुऱ्या. तरुणपणी नवऱ्याच्या नोकरीपायी काही वर्षं जपानात, कोबेला राहिलेल्या. पहिल्याच दिवशी म्हणाल्या, "चप्पल बाहेर, आणि ते 'यार' पण बाहेर. आत फक्त जपानी आणि मराठी, अच्छा?" हे 'अच्छा' दोन्हींपैकी कशात बसतं, हे विचारायची माझी छाती झाली नाही.

पहिल्या कागदावर मी घोळ घातलाच. गावच्या मास्तरांनी निम्म्या वर्गासारखी माझीही जन्मतारीख एक जून लावलेली, खरी भाद्रपदातली. हात खऱ्या तारखेवर गेला. "दाखल्यावर एक जून आहे ना? मग हा बाद," बाई म्हणाल्या. "पण पुरा कर. हाही तूच आहेस. उलट जास्त खरा." मी कुरकुरत सगळे रकाने भरले आणि शिक्षणाच्या यादीखाली उजवीकडे 'इजो' लिहिलं. इजो म्हणजे 'इतकेच'. बाईंनी कागदाला नमस्कार केला आणि तो देवाजवळच्या निर्माल्याच्या पिशवीत ठेवला.

ती पिशवी बाई यमुनेच्या पुलावरून सोडत. एकदा मी सोबत गेलो. मागून ट्रक भोंगे वाजवत जात होते आणि बाई कठड्याशी उभ्या राहून पिशवी बुडायची वाट पाहत होत्या. मला हसू फुटलं. त्या रागावल्या नाहीत. पाण्याकडे बघत त्यांनी स्वतःची हकिगत सांगितली.

कोबेला एका व्यापारी कंपनीत जागा निघाली होती. बाईंना ती नोकरी फार हवी होती. कागद लिहायला बसल्या, कॉलेजपर्यंत आल्या, तोच नवरा घरात शिरला. म्हणाला, दिल्लीला बदली झाली, सामान बांध. "बांधाबांधीत कागद टेबलावरच राहिला बघ. माझा फोटो, माझं नाव, आणि पुढे काही नाही." मग अगदी साध्या सुरात म्हणाल्या, "परत आल्यापासून मला भूकसुद्धा अर्धीच लागते." आता मला हसू येईना.

पुढे माझा एक कागद निर्दोष उतरला आणि गुडगावहून बोलावणं आलं. मुलाखतीला एक वयस्क जपानी साहेब होते. कागद हातात घेऊन ते बराच वेळ अक्षराकडेच बघत राहिले. मग विचारलं, "कुणी शिकवलं?" मी नाव सांगितलं. साहेबांचा चेहरा उजळला. "दीक्षित-सान. डाव्या हाताने लिहितात, त्याच ना? कोबेच्या ऑफिसात आम्ही शेजारी बसायचो. परवाच्या वसंतात काम सोडून दिल्लीला निघाल्या. नीट पोचल्या ना?"

मी 'हो' म्हणालो.

नोकरी लागली. पेढे घेऊन बाईंकडे गेलो आणि हे सांगितलं. सांगताना हसण्यावारी नेत होतो. "बाई, जगात दीक्षित काय कमी आहेत?"

"डावखुऱ्या? कोबेला?" त्यांच्या हातातला पेढा तसाच राहिला. मग त्यांचे डोळे भरून आले. "म्हणजे केली नोकरी तिने. मला वाटायचं, एकटीला जमायचं नाही." पदराने डोळे पुसले आणि एकदम काळजीत पडल्या. "पण आली असेल कुठे ती? हे घर तिला ठाऊक नाही रे. तेव्हा मयूर विहार होतं कुठे? इथे नुसती शेतं होती. आम्ही जपानला गेलो ते करोलबागेतून. ती तिथेच जाणार." मी समजूत घालू पाहिली. "तुझं सगळं बिल्कुल बरोबर," त्या म्हणाल्या, "पण माणूस वाट चुकलंय."

त्या दिवाळीनंतर बाई गेल्या. मी तेव्हा ट्रेनिंगसाठी दिल्लीबाहेर होतो, शेवटचं दर्शनही झालं नाही. ते मला अजून लागून राहिलं आहे. माझ्यालेखी आमची शेवटची भेट करोलबागेतली.

पेढे नेले त्यानंतरच्या रविवारी सकाळीच मी त्यांना घेऊन निघालो, म्हटलं, एकदा मनाची खात्री होऊ दे. ते घर सोडल्यापासून बाईंनी तिथे पाऊल ठेवलं नव्हतं. टपालासाठी नवा पत्ता तेवढा पुढे घरमालकिणीला कळवून ठेवलेला. गल्ली शोधता शोधता दुपार झाली. दार म्हाताऱ्या पंजाबी घरमालकिणीनेच उघडलं. बाईंना पाहून तिला जरासुद्धा नवल वाटलं नाही.

"आप फिर आ गईं? सुबह ही तो मयूर विहार का पता लिखके दिया था. मिला नहीं क्या?" मग तिने बाईंच्या रिकाम्या हातांकडे पाहिलं. "और अटैची कहाँ छोड़ आईं?"

सकाळपासून बाई माझ्यासोबत होत्या. त्यांच्या चेहऱ्यावर भीतीचा लवलेश नव्हता, नुसती घाई होती. जिना उतरून त्यांनी रस्त्यातली पहिली ऑटो थांबवली. मी आत बसायला गेलो तर हाताने अडवलं. "तू नको येऊस. आज आमचं दोघींचंच बोलणं आहे."

आणि पुढे वाकून ऑटोवाल्याला म्हणाल्या, "भैया, ज़रा जल्दी चलो. घर पे ताला लगा है."