पक्क्या रंगाचा प्रेमसिंग

प्रेमसिंगचं धोतर मी कधी पांढरं पाहिलं नाही. मांडीवर लाल, हिरवे, जांभळे डाग असायचे. बाभुळगावच्या आठवडी बाजारात घोंगडी अंथरून तो लुगडी विकायचा, आणि शेजारी पाण्याचा तांब्या ठेवायचा. गिऱ्हाइकानं एखादं लुगडं पसंत केलं की हा पठ्ठ्या त्याचं टोक तांब्यात बुडवून स्वतःच्या मांडीवर खसाखसा घासायचा. डाग पडला तर ते लुगडं बाजूला. कितीही गळ घाला, विकायचं नाही म्हणजे नाही. बाकीचे कापडवाले त्याला वेड्यात काढायचे, पण गर्दी त्याच्याच घोंगडीपाशी असायची.

तो जवळच्या बंजारा तांड्यावरचा. त्याच्या आज्यानं बैलांच्या पाठीवर मीठ वाहिलं होतं, यानं स्वतःच्या पाठीवर कापडाचं गाठोडं घेतलं. त्या काळी बाजारातले दुकानदार आमच्या मोहल्ल्यातल्या बायकांसमोर कापड लांबूनच टाकायचे. हात लावला तर घ्यावंच लागायचं. प्रेमसिंग माझ्या आईला, इंदूबाईला, घोंगडीवर बसवून दहा लुगडी उलगडून दाखवायचा. छप्पन साली नागपूरच्या धम्मदीक्षेसाठी सगळ्यांना एकदमच पांढरं कापड हवं झालं आणि बाजारात पांढऱ्याचा भाव चढला. प्रेमसिंगनं बैलगाडी भरून पांढरी लुगडी आणली आणि नेहमीच्याच भावानं दिली. तेव्हापासून आई त्याला भाऊ म्हणायची आणि मी मामा.

अठ्ठावन्न साली मी मॅट्रिक होऊन यवतमाळला कापडाच्या एका मोठ्या दुकानात लागलो. दुकान नागपूरच्या कंपनीचं होतं. नाव सांगत नाही, सांगून माझं पाप कमी होणार नाही. काचेची कपाटं, डोक्यावर पंखा, भिंतीवर ‘एकच भाव’ अशी पाटी. काउंटरच्या आतल्या बाजूला उभा राहणारा आमच्या मोहल्ल्यातला मी पहिलाच. माझी मान इतकी ताठ झाली होती की आई म्हणायची, "बाबाराव, खाली पाहून चाल, ठेचकाळशीन."

पुढच्या वर्षी कंपनीनं बाभुळगावात शाखा काढली. खुर्च्या मांडल्या, उदबत्ती लावली, पण गिऱ्हाईक फिरकेना. नागपूरच्या मॅनेजरांनी मला बोलावलं. "गाव तुझं आहे. लोक आपल्या खुर्च्या सोडून त्या घोंगडीवर का बसतात, ते शोधून काढ. शाखा चालली तर तू तिथला मुख्य. नाही चालली तर शाखा बंद, आणि तूही घरी."

शोधायचं काय होतं? सगळं मी लहानपणापासून पाहत आलो होतो. एकच गोष्ट ठाऊक नव्हती: तो पक्क्या रंगाची लुगडी आणतो कुठून? म्हणून एका रविवारी तांड्यावर गेलो. सोनीबाई मामीनं भाकर आणि मटणाचा रस्सा आग्रह करकरून वाढला. भरल्या पोटी मी सहज विचारल्यासारखं विचारलं.

"त्यात लपवायचं काय हाय?" मामा म्हणाला. "चाल, दाखवतो तुले."

तो मला वर्ध्याच्या बाजूला एका विणकराकडे घेऊन गेला. चार माग, सगळे मामासाठीच चालायचे. सूत पंधरा दिवस रंगात मुरायचं, मग मागावर चढायचं. "घाई केली का रंग कच्चा राह्यते, बाबाराव," मामा सांगत होता. "म्हणून मी थोडाच माल विकतो." मी मान डोलवत होतो आणि मनात एकेक गोष्ट टिपून घेत होतो.

मॅनेजरांना मी चार पानं लिहून दिली. घोंगडी, तांब्या, धोतर, विणकराचा पत्ता, काहीही सोडलं नाही. साहेबांनी पाठ थोपटली. महिन्याभरात कंपनीनं जास्त भाव देऊन विणकराचा सगळा माल बांधून घेतला. शाखेत पाण्याचं चकचकीत घंगाळ आलं आणि मला पांढरं धोतर नेसवून त्याच्याशेजारी उभं केलं. लोक आले. का येणार नाहीत? लुगडं तेच, घासून दाखवणं तेच, वर बसायला खुर्ची आणि विकणारा इंदूबाईचा पोरगा. वर्षभरात मामाची घोंगडी ओस पडली. समोरून जाताना तो माझ्याकडे पाहून हात उंच करायचा. मी कापडाच्या घड्या घालण्यात गुंतल्याचं सोंग करायचो.

मग कंपनीला तेच लुगडं आठ शाखांत हवं झालं. विणकराला सांगितलं, पंधरा दिवस कशाला, चार पुरेत. माल भरपूर यायला लागला, पण काठाचा रंग पाण्यात सुटायला लागला. मी मॅनेजरांना एकदा बोललो. एकदाच. ते म्हणाले, "जुन्या मालातलं एक लुगडं नमुना म्हणून ठेव. तेच भिजवून दाखवत जा." मी तेच करत राहिलो. नमुना भिजवायचा आणि दुसरंच बांधून द्यायचं. माझ्यावर कोणाला संशय आला नाही.

एकसष्ट साली माझ्या बहिणीचं, प्रभावतीचं, लग्न ठरलं. आठवड्याभरानं प्रेमसिंगमामा पहिल्यांदाच आमच्या दुकानात आला. जोडे दाराशी काढून ठेवले, खुर्चीवर काही बसला नाही.

"पोरीले मामाचं लुगडं त मीच देईन," तो म्हणाला. "विणकर आता मले माल देत नाही. पांढरं दाखव, लाल काठाचं."

मॅनेजर त्या दिवशी आत बसले होते. मी लुगडं काढलं. याच्यासमोर नमुन्याचं नाटक चाललं नसतं. हेच लुगडं भिजवावं लागणार होतं. टोक धरून मी घंगाळाकडे वळलो. तेवढ्यात मामानं माझा हात धरला.

"कायले भिजवतं? तू देऊन राह्यला ना? मंग पक्काच असन."

"पक्का आहे, मामा," मी म्हणालो.

मला हायसं वाटलं. आजवर ज्याची सर्वांत जास्त लाज वाटत आली आहे ते हे, की तेव्हा मला हायसं वाटलं. नंतर गुपचूप जाऊन लुगडं बदलून द्यावं असं मी ठरवलं, आणि लग्नाच्या दिवसापर्यंत ठरवतच राहिलो.

लग्न चांगलं लागलं. प्रभावती तेच लुगडं नेसली होती. पंगतीत तिच्याशेजारी पाण्याची घागर कलंडली आणि लाल काठ पांढऱ्यात उतरला. पाहता पाहता गुडघ्यापर्यंत लाली चढली. प्रभावती रडायलाच लागली.

"कोणं देल्लं हे लुगडं?" नवरदेवाच्या आत्यानं, कांताबाईनं, मोठ्यानं विचारलं.

सगळा मोहल्ला प्रेमसिंगकडे पाहायला लागला. आमचे म्हातारे देवरावकाका म्हणाले, "प्रेमसिंग, तू बी असाच निघाला काय रे?"

मामानं लुगड्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. माझ्या तोंडावर सगळं लिहिलेलं असणार, कारण त्यानं लगेच नजर काढून घेतली. दुकानाचं नाव त्याच्या तोंडून निघालं असतं तर सासरच्या माणसांसमोर माझी आणि माझ्या आईची अब्रू गेली असती. तो उठून आईसमोर आला आणि हात जोडले.

"चूक माहीच हाय, बाई. मी भिजवून पाह्यलं नाही."

मामा अर्धं जेवण टाकून मांडवाबाहेर पडला, आणि त्याला कोणी थांब म्हटलं नाही. लुगडं कुठून आलं हे तिथे आणखी एकाच माणसाला ठाऊक होतं. तो हातात वरणाची बादली घेऊन उभा होता. मी पुढच्या पानावर वरण वाढलं.