अकरा भांड्यांची कमल

त्या मंगळवारी सकाळी मला तासाभरात दोन फोन आले. पहिला मंठ्याहून, दादाचा. "रोहिणी गेली," एवढंच तो म्हणाला आणि शेजारच्या कुणीतरी फोन हातात घेऊन सांगितलं, की चहा टाकता टाकता वहिनी ओट्यापाशीच खाली बसली आणि जालन्याच्या दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं. मी धावड्याच्या शाळेत शिकवते. रजेचा अर्ज कसाबसा खरडून गाडीत बसले, तर वाटेत दुसरा फोन आला. एक अनोळखी मुलगी रडत रडत विचारत होती, "मॅडम, कमलताई गेल्या हे खरंय का?" मी हो म्हणाले. रोहिणी आणि कमल ही एकच बाई, माझी सख्खी वहिनी. तिला दोन नावं का होती आणि त्यातलं एक माझ्यामुळं कसं चिकटलं, हे सांगितल्याशिवाय तिच्याबद्दल मला काहीच सांगता येणार नाही. दीड महिना होऊन गेलाय, आता सांगायला हरकत नाही.

तिचं माहेर शहागडचं. वडिलांचं हमरस्त्यावर हॉटेल, ट्रकवाल्यांची रात्रंदिवस ये-जा, त्यामुळं ग्लास, पळ्या, ताटल्या सारख्या गायब व्हायच्या. त्यांनी त्यावर उपाय काढला होता, दुकानातून आलेल्या प्रत्येक भांड्यावर आधी नाव टाकून घ्यायचं. मुलीचं लग्न ठरल्यावर याच सवयीनं त्यांनी आंदणाची अकरा भांडी घेतली आणि लग्नाच्या दोन महिने आधीच तिचं नाव टाकून मोकळे झाले. नुसतं 'कमल'. खाली बारीक फूल. आमच्याकडं लग्नात सुनेचं नाव बदलतात, तर तेवढं होईपर्यंत थांबावं, हे त्यांच्या डोक्यातच आलं नाही. इकडं मी बारा वर्षांची, घरातलं शेंडेफळ. तांदळाच्या ताटात दादानं अंगठीनं कोणतं नाव लिहायचं यावर मोठ्यांचा घोळ चालला होता, तेव्हा मी माझ्या आवडत्या वर्गशिक्षिकेचं नाव पुढं केलं. रोहिणी. सगळे हसले आणि तेच ठरलं. पुढं कितीतरी वर्षं मी ऐटीत सांगायची, वहिनीचं नाव मी ठेवलंय. वहिनीला हाक मात्र दोनदा मारावी लागायची. एका हाकेत ती कधी वळायचीच नाही. आम्ही तिला खुशाल बहिरी म्हणून चिडवायचो आणि तीही हसायची.

भांडी आली आणि आईनं ती दुसऱ्याच दिवशी माळ्यावर टाकली. त्या नावाची बाई आता या घरात न्हाई, पाहुण्यांपुढं ताट ठेवलं तर लोक विचारतील, असं तिचं म्हणणं. आई वाईट नव्हती, हे मुद्दाम लिहिते. तिला आयुष्यभर जे बरोबर म्हणून शिकवलं होतं तेच ती करत होती. भांडी वर गेली आणि बावीस वर्षं वरच राहिली.

या बावीस वर्षांत वहिनीनं दोन पोरं वाढवली, दादाचं बी-बियाण्यांचं दुकान सांभाळलं, आईचं मधुमेहाचं पथ्य पाहिलं. रांगोळी अशी काढायची की गल्लीतल्या बाया आधी आमच्या दारात डोकावून मग आपली काढायच्या. धाकटा शिकायला बाहेर पडला त्या वर्षी तिनं जेवताना सांगितलं, की जालन्याला कलाशिक्षकाची पदविका असते, तिला तिथं नाव घालायचंय. बेचाळिसाव्या वर्षी! दादानं विचारलं, एवढ्या लांब रोज जाणार कशी? ती म्हणाली, एसटीनं. मग दादानं स्वतःच अर्ज आणून दिला. तो माझा भाऊ आहे म्हणून सांगत नाही, पण त्या एका गोष्टीसाठी मी त्याच्या शंभर चुका माफ केल्यात. शाळेच्या दाखल्यावर माहेरचं नाव होतं, त्यामुळं कॉलेजच्या हजेरीपटावर ती कमल झाली.

दुसऱ्या वर्षी त्यांना एक प्रकल्प होता. रोजच्या वापरातल्या वस्तू मांडून स्वतःचं चित्र उभं करायचं. चेहरा नको, फोटो नको, वस्तू पाहून माणूस ओळखू आला पाहिजे. त्यात नापास तर वर्ष वाया. बाकीची पोरं विशीतली. कुणी तुटके हेडफोन आणले, कुणी क्रिकेटची बॅट. वहिनीनं पिशवी भरून नेली आणि पठाण सरांपुढं मांडली. दादाचं चष्म्याचं घर, आईचा गोळ्यांचा डबा, थोरल्याची बारकी झालेली चप्पल, दुकानाच्या किल्ल्या. सर बराच वेळ पाहत राहिले म्हणे. मग म्हणाले, "ताई, हे घर बराबर आलं. तुम्ही कुठं हायत?" हे तिनं मला नंतर सांगितलं तेव्हा हसत हसत सांगितलं, पण त्या दिवशी जालना ते मंठा ती खिडकीकडं तोंड करून बसली होती. घरी आल्यावर तिनं प्रत्येक खोलीत फिरून आपली म्हणावी अशी वस्तू शोधली. साड्यासुद्धा कुणी ना कुणी दिलेल्या, कुणाच्या ना कुणाच्या आवडीच्या. शेवटी शिडी लावून ती माळ्यावर चढली.

अकराच्या अकरा भांडी तिनं खाली काढली, चिंचेच्या कोळानं पुसली, पोत्यात बांधली आणि एसटीतून नेली. सरांनी तीही नापास केली. एकेक उचलून उजेडात धरलं आणि म्हणाले, नाव तुमचं हाय हे कबूल, पण ह्याच्यावर एक ओरखडा न्हाई. रोजच्या वापरातली वस्तू मागितली होती, ही तर दुकानातली झाली. दुसरी एखादी असती तर रडली असती, नाहीतर सरांशी भांडली असती. मी नक्की भांडले असते. वहिनीनं फक्त विचारलं की मुदत किती आहे. चार महिने होती. तिनं भांडी परत पोत्यात बांधली आणि त्याच संध्याकाळी त्यातल्या पातेल्यात दूध तापवलं.

मग आमच्या घरात जे सुरू झालं त्याला युद्धच म्हणायला पाहिजे. वहिनी सकाळी कमलच्या परातीत कणीक मळायची, कमलच्या तांब्यातून पाणी द्यायची, आणि आई दुपारी ती भांडी उचलून कोठीत नेऊन ठेवायची. वहिनी ती परत काढायची. एकदा आईनं रागानं तांब्या असा आपटला की त्याला चांगला पोचा पडला. वहिनीनं तो उचलला, पाहिला आणि पाणी भरून पुन्हा तिच्याच पुढं ठेवला. शेवटी आईनं मला फोन करून बोलावून घेतलं. मी न्यायाधीश होऊन गेले आणि कबूल करायला लाज वाटते, पण आईच्याच बाजूनं बोलले. म्हणाले, वहिनी, म्हातारीला कशाला त्रास, शिलाई मशीन मांड, रांगोळीचे डबे मांड, काहीही मांड, पास झालं म्हणजे झालं. ती त्या वेळी पातेलं घासत होती. हात थांबवले नाहीत.

"ताई, तुम्ही ठिवलेलं नाव मी बावीस वर्षं वागवून राह्यले. कधी तक्रार केली का? आता चार महिने माझं मला वागवू द्या."

मी दुसऱ्या दिवशीच्या पहिल्या गाडीनं परत आले. भोकरदन येईपर्यंत माझ्या डोक्यात एकच गोष्ट फिरत होती. ती बहिरी कधीच नव्हती. हाक दुसऱ्याच कुणालातरी आहे असं तिला दरवेळी क्षणभर वाटत असणार.

चार महिन्यांनी त्या प्रकल्पांचं प्रदर्शन भरलं, त्याला मी आईला घेऊन गेले. आई यायला तयार नव्हती, तिला दादानं जवळजवळ उचलूनच गाडीत बसवलं. कॉलेजच्या एका लांबट खोलीत पोरांची कामं मांडली होती आणि मधल्या भिंतीपाशी एका साध्या चटईवर वहिनीची अकरा भांडी. तिनं काही सजवलं नव्हतं. आपण घासून पालथी घालतो तशी काही पालथी, काही उताणी. पातेल्याचं बूड करपलेलं. चित्र काढण्याच्या नादात दूध तीनदा उतू गेलं होतं. परातीच्या कडेला वाळलेली कणीक, चहाच्या गाळणीला मुरलेला तपकिरी रंग, पळीचा दांडा विस्तवानं निळसर झालेला. चार महिन्यांत तिनं ती भांडी इतकी राबवली होती की बावीस वर्षांचा हिशेब पुरा झाला असं वाटावं. एका कोपऱ्यातून कुणीतरी पोरगी "कमलताई" म्हणाली, हळूच, ओरडून नाही. आणि वहिनी लगेच वळली. मी तिथंच उभी होते. एवढ्या वर्षांत तिला एका हाकेत वळताना मी पहिल्यांदा पाहिलं आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

आई चटईपाशी गुडघ्यावर हात टेकून वाकली होती. पठाण सर जवळ आले, त्यांना वाटलं आजींना काही समजावून सांगावं. आईनं तांब्यावर बोट ठेवलं आणि म्हणाली, "हा पोचा माझा हाय." सर म्हणाले, "हां आजी, त्याला पण मार्क दिलेत." आई हसली नाही, पण घरी येताना गाडीत तिनं तो तांब्या मांडीवर घेतला होता. त्या रात्रीपासून भांडी कोठीत गेली नाहीत. नातवाचं लग्न जमवायच्या बोलण्याला पाहुणे आले तेव्हाही पाणी त्याच तांब्यातून दिलं गेलं, आणि ही कमल कोण असं कुणी विचारलं तर आईच उत्तर द्यायची, "आमची सून." पुढचं विचारायची छाती कुणाची होणार!

वहिनी पास झाली. मंठ्याच्या एका शाळेत तिला चित्रकला शिकवायला बोलावलं, तासिका तत्त्वावर. तिथं ती कमल मॅडम होती. जेमतेम दोन वर्षं मिळाली तिला. मला याचा राग येतो आणि तो जात नाही. देवानं बावीस वर्षं दिली ती दुसऱ्या नावाला, आणि तिच्या नावाला दोन! पण मला हेही माहीत आहे की ती असती तर हा राग ऐकून घेऊन म्हणाली असती, ताई, जल्दी जल्दी भाकरी थापा, गाडी चुकंल.

तेराव्याला नातेवाइकांना द्यायला दादानं स्टीलचे डबे घ्यायचं ठरवलं होतं. आमच्याकडं गेलेल्या माणसाच्या स्मरणार्थ असं एखादं भांडं घरोघरी जातं. दुकानदाराला लिहून द्यायच्या चिठ्ठीवर त्यानं 'कै. सौ. रोहिणी' असं लिहिलं आणि तो कागद माझ्या हातात दिला. मी म्हणाले, हे नाव नको. तो म्हणाला, अगं, लोकांना कळणार न्हाई, नात्यातली माणसं तिला रोहिणीच म्हणत आली. त्याचं खरं होतं. डोळे सुजलेले, तीन दिवस झोप नाही, त्याच्याशी वाद घालायला जीव होत नव्हता. तरी घातला. नाव मी ठेवलंय, तर काढीन पण मीच, असं मी सगळ्यांसमोर म्हणाले. आई खाटेवर पडून होती. तिनं भिंतीकडची कूस बदलली आणि दादाला सांगितलं, ती म्हणती तसं कर. मी स्वतः दुकानात गेले आणि नाव टाकणाऱ्या माणसासमोर शेवटच्या डब्यापर्यंत बसून राहिले. 'कै. सौ. कमल यांच्या स्मरणार्थ.' प्रत्येक डबा हातात घेऊन वाचला. त्याला वाटलं असेल, बाई भलतीच संशयी आहे.

तेव्हापासून मला फोन येतात, ही कमल कोण म्हणून. मामेभाऊ, चुलत जावा, कुठल्या कुठल्या आत्या. हे होणार हे मला माहीत होतं, किंबहुना त्यासाठीच मी हे केलं. प्रत्येकाला मी पहिल्यापासून सांगते. शहागडचं हॉटेल, तांदळाचं ताट, माळा, पोत्यातली भांडी, सगळं. काहींना आवडतं, काही हं हं करून फोन ठेवतात, एका काकांनी तर मला सुनावलं की मेलेल्या माणसाचं नाव बदलायची ही कुठली पद्धत. मी म्हणाले, काका, बदललं होतं ते आधी, आता फक्त परत ठेवलं.

परवा परतूरच्या आत्याचा फोन आला. वय झालंय, ऐकू कमी येतं, पण डोळे शाबूत. तिचं म्हणणं असं, की आमच्या गडबडीत तिच्याकडं चुकून दुसऱ्याच कुणाच्या तेराव्याचा डबा आला, तर तो परत कुणाच्या हाती पाठवू. मी म्हणाले, आत्या, डबा बराबर आलाय. आणि तिला ऐकू जाईल अशा मोठ्या आवाजात पुन्हा सगळं सांगितलं. शाळेची मधली सुट्टी होती, व्हरांड्यातली पोरं माझ्याकडं बघत होती, बघू देत. पलीकडून आत्या म्हणाली, मला वाटलं परत द्यायचाय, म्हणून वर फळीवर ठेवून दिलाय गं.

"काढा खाली," मी म्हणाले.

काढीन की सावकाश, कुणी घरात आलं म्हणजे, असं ती म्हणाली. मी म्हणाले, सावकाश नाही, आत्ता. मीठ भरा, साखर भरा, डाळ भरा, काहीही भरा, पण दिवसातून चार वेळा हात लागला पाहिजे. ती म्हणाली, बरं बाई, ठेव आता फोन. आणि पलीकडं स्टूल ओढल्याचा आवाज येईपर्यंत मी फोन ठेवला नाही.