हरलेल्यांच्या हातातली चावी

दगाभाऊ सोनवणे फार सालस होते असं कोणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. हट्टी माणूस. आवाज लूमच्या खटखटीवर चढवलेला, आणि मीटिंगमध्ये दुसऱ्याला बोलू देणं त्यांच्या जिवावर येई. पण सुरतेतल्या बमरोलीच्या आमच्या सोसायटीत इतकी वर्षं भांडणं झाली आणि डोकी फुटली नाहीत, ती त्यांच्यामुळे.

गल्ल्या दोन, टाकी एक. पुढच्या गल्लीत आम्ही खानदेशी, घरं जास्त. मागच्या गल्लीत मराठवाडा-विदर्भातली माणसं, घरं कमी. निवडणूक आम्हीच जिंकायचो, चेअरमन दगाभाऊच, आणि पाण्याच्या वॉलची चावीही आमच्याकडेच. उन्हाळ्यात मागच्या गल्लीचे नळ नुसती हवा सोडत. मी राज्यशास्त्राची बी.ए.; म्हणायचे, ही गटबाजीच बंद करा.

दगाभाऊ हसायचे. "ताई, पाच माणसं सुरतला येतात ती सहा गट घेऊन येतात. गट राहणारच. चावी कुठे राहते ते बघा."

मग त्यांनी ठराव आणला. निवडणुकीत जी बाजू हरेल तिच्याकडे चावी. पाणी दोन्ही गल्ल्यांना सारखा वेळ. जास्त हवं तर दुसऱ्या गल्लीला विचारायचं. कल्पना त्यांची, ठरावाची भाषा माझी. त्यांचा धाकटा भाऊ काशिनाथ भडकला.

"भाऊ, निवडणूक आपन जिंकनूत, तरी चावी त्यासना हातमा?"

"आपन जिंकनूत म्हनीसनच."

आज त्यांचं पाणी तोडलं, तर उद्या आपल्यातच अमळनेरवाले नि शिरपूरवाले एकमेकांचं तोडतील, असं त्यांनी सगळ्यांना ऐकवलं. शिरपूरवाले थोडे होते. त्यांना लगेच पटलं. ठराव पास झाला आणि चावी मागच्या गल्लीतल्या सरस्वतीबाईंकडे गेली.

पुढच्याच मे महिन्यात दगाभाऊंच्या गायत्रीचं लग्न निघालं. मांडव दारात, वऱ्हाड नंदुरबारचं, आणि हळदीच्या सकाळी पिंपांत तळाला पाणी. काशिनाथ म्हणाला, मीटिंग बोलवू, मतं आपली जास्त, एका दिवसापुरती चावी परत घेऊ.

"एक दिवसासाठी घेतलेली चावी परत जात नसते," दगाभाऊ म्हणाले आणि उठून मागच्या गल्लीत निघाले. मीही गेले सोबत. चेअरमन एवढे अवघडून उभे राहिलेले मी त्याआधी पाहिले नव्हते.

सरस्वतीबाईंनी पदराला बांधलेली चावी चाचपली. "दगाभाऊ, नेम तुमचाच हाय. गल्लीला इचारल्याबिगर मी वॉल फिरवत नसते."

"विचारा की. म्हणून तर आलो."

बाया साड्यांना खडे चिकटवायचं काम बाजूला सारून ओट्यांवर जमल्या. पोरीच्या लग्नाला नाही कोण म्हणणार, असं एकीने म्हटलं. दुसरी म्हणाली, आमच्या पोरींच्या लग्नात हे कुठं होते? प्रमिलाबाईंनी वेगळाच मुद्दा काढला. "पाणी देऊ. पण पंगतीत आमच्या गल्लीला काशिनाथभाऊंनी वाढायचं. ठराव झाल्यापासून आमच्यावर डोळे वटारतात."

गल्ली खदखदून हसली. दगाभाऊही हसले, पण जरा उशिराने. "कबूल," म्हणाले. आपल्या वाट्याचा वेळ मागच्या गल्लीने सोडला आणि संध्याकाळपर्यंत पिंपं भरली.

लग्नात काशिनाथ तोंड फुगवून वरण-बट्टी वाढत होता. वांग्याच्या भाजीशी थबकला तशा सरस्वतीबाई म्हणाल्या, "रस्सा वाढा की भाऊ. का त्यालाबी मीटिंग घ्यायची?" त्याला हसू आवरेना.

पुढल्या निवडणुकीत आमच्या गल्लीची काही मतं फिरली आणि आम्ही हरलो. ठरावाप्रमाणे चावी आमच्याकडे आली. सांभाळायला कोणी घेतली? काशिनाथने. रोज तेल लावायचा तिला.

आता घराघराच्या गच्चीवर काळी टाकी आहे. प्रत्येक गटाचा मोबाइलवर वेगळा ग्रुप, आणि त्यात विरोधात बोलणारा एकही नाही. दगाभाऊ गेले त्याला वर्ष झालं. कोणाला कोणाकडे पाणी मागावं लागत नाही, हे चांगलंच आहे. मी काही डोक्यावर हंडे वाहण्याची हौस असलेली बाई नाही. पण परवा, काही काम नसताना, मागच्या गल्लीत गेले. सरस्वतीबाई ओट्यावर बसल्या होत्या. डोळ्यांवर हात धरून बघत राहिल्या.

"वाट चुकलात का ताई?"

"नाही," मी म्हटलं. "भांडायला आले."

त्यांनी सरकून जागा केली.