भर दुपारी मिक्सर लावायला सांगणारे काका

समोरच्या घरात एकटे राहणारे काका विजेची विचारपूस केल्याशिवाय बोईसरात कुणाकडे टेकणार नाहीत. लोक तब्येत विचारतात. काका खिशातला व्होल्टेज मोजायचा मीटर काढून प्लगला लावतात, आकडा बघतात आणि मगच पाणी मागतात. एका हळदीला तर आशीर्वाद देण्याआधी त्यांनी मांडवातला प्लग तपासून "दोनशे अडतीस, उत्तम!" असं जाहीर केलं. नवरीच्या आईने बिचारीने हात जोडले.

कारखान्यातून निवृत्त झाल्यावर त्यांनी अख्ख्या गल्लीला गच्चीवर सोलर घ्यायला लावलं आणि तिथून खरा ताप सुरू झाला. दुपारी सगळे शिफ्टला, घरात पंखासुद्धा बंद, आणि वर वीज उतू चाललेली. मग व्होल्टेज चढायचं आणि सोलरची वीज घरात सोडणारा एकेक इन्व्हर्टर रुसून बंद पडायचा. उपाय एकच, वीज खपवणं. काका दारोदार फिरू लागले. भर मे महिन्यात गीझर लावायला सांगितल्यावर शेजारचा भाडेकरू कळवळला, "चाचा, इतनी गर्मी में?" काका म्हणाले, "नहाना मत, सिर्फ पानी गरम करो!"

आमच्याकडचा हुकूम वेगळा होता. बाबा गेल्यापासून आई जेवत नव्हती म्हटलं तरी चालेल. मी रागावून पाहिलं, सफाळ्याची मावशी रडून गेली. आई आपली चहावर दिवस काढायची आणि डोळ्यांदेखत वाळत होती. मी कामावर गेलो की साडेबाराला काका दारात हजर. "वहिनी, व्होल्टेज चढलंय, मिक्सर फिरवा." रिकामा कसा फिरवणार, म्हणून ती खोबरं-मिरची घालायची. चटणी झाली की भाकरी आली, आणि आलेल्या माणसाला तसंच कसं पाठवायचं? ती जेवायला बसली नाही तर काका हातातला घास ताटात ठेवायचे. दोन महिन्यांत आई माणसात आली. मी सगळं श्रेय सोलरला देऊन मोकळा झालो.

परवा मी घरी होतो. आभाळ इतकं भरलेलं, की दुपारीच दिवा लावावा लागला. साडेबाराला काका आले. "वहिनी, व्होल्टेज चढलंय!"

मी तोंड उघडलं, तोच आईने डोळ्यांनी गप्प केलं आणि मिक्सर लावला. काका हात धुवायला गेल्यावर ती हळूच म्हणाली, "मला काय समजत नाय? पण बायको वारल्यापासून त्यांच्या घरी धड गॅस पेटत नाय. आमी नाय वाढलं तर ते कुठं जेवतील?"

मी तिसरं ताट घेतलं. त्या दोघांत कोण कुणाला जगवत होतं, मला सांगता येणार नाही. पण त्या दिवशी चटणी तिखट नसतानाही माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि दोघांनीही ते न पाहिल्यासारखं केलं.